अनुरस : एका जुन्या पोर्टच्या निमित्ताने

मराठी समीक्षेचा सारा व्यवहार जिभेच्या शब्दांवर चालतो. कवितेचा आपण 'आस्वाद' घेतो, प्रश्नपत्रिकेत 'रसग्रहण करा' असे फर्मावतो, चांगल्या वाचकाला 'रसिक' म्हणतो, त्याच्या घडणीचा विचार करताना 'अभिरुची'कडे वळतो आणि फारच शास्त्रीय व्हायचे असेल तर 'चर्वणे'पर्यंत पोचतो. हे शब्द आम्ही गेली वीस-बावीस वर्षे वर्गात वापरत आलो आहोत. पण खरोखरीची एक वस्तू जिभेवर ठेवून तिची पारख मराठीत मांडण्याची वेळ आली, तेव्हा आमची चांगलीच तारांबळ उडाली. त्या तारांबळीतून जो थोडा इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहोत.

निमित्त साधे होते. नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने येताना १९९४ सालची व्हिंटेज पोर्टची बाटली आणली. ती आमच्यापैकी एकाच्या माधवनगरच्या घरी डिसेंबरातल्या एका संध्याकाळी उघडली गेली. माधवनगर हे सांगलीला लागून असलेले, मागाच्या कापडाचे गाव. बसलेले आम्ही सहा जण, सगळे मराठीचे शिक्षक. मद्याचे जाणकार म्हणावे असे कोणीही नाही. बाटलीसोबत विद्यार्थ्याने चार सूचना दिल्या होत्या : दोन दिवस बाटली उभी ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल, बूच जुने आहे, हलक्या हाताने काढा, वाइन दुसऱ्या भांड्यात सावकाश नितळून घ्या, आणि घाई करू नका. नितळताना वर धरायला मलमलीचा तुकडा हवा होता. तो माधवनगरात मिळायला वेळ लागला नाही.

ही वस्तू मुळात काय आहे, हे प्रथम सांगायला हवे; कारण 'पोर्ट वाइन' हा शब्द मराठी घरांना अपरिचित नाही. जुन्या पिढीत अशक्त माणसाला किंवा बाळंतिणीला डॉक्टरांच्या सांगण्यावरून चमचा-दोन चमचे पोर्ट दिल्याच्या आठवणी अनेक घरांत निघतात. गोव्याला जाऊन आलेला माणूस तिथली स्वस्त, गोड, लाल 'पोर्ट' घेऊन येतो. आमच्यापुढची बाटली या दोहोंपेक्षा वेगळी होती. खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षांचा रस आंबत असताना, साखर पुरती संपण्याआधीच त्यात द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क घालतात. त्याने आंबणे थांबते. गोडी शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास जाते. यातली बहुतेक वाइन लाकडी पिंपांत मुरते. एखादे वर्ष विशेष उत्तम निघाले, तरच त्या एका वर्षाची वाइन 'व्हिंटेज' म्हणून घोषित होते. ती पिंपात दोनेक वर्षेच राहते, मग न गाळता बाटलीत भरली जाते आणि पुढची वीस, तीस, कधी पन्नासहून अधिक वर्षे अंधारात, आडवी पडून मुरते. १९९४ हे असे एक घोषित वर्ष.

या पेयाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल असा आहे. १७०३च्या मेथ्युएन कराराने पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू झाली. मागणी वाढली आणि मागणीबरोबर भेसळही. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस मिसळला जाऊ लागला. १७५६ साली पोर्तुगालचा मंत्री, पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने दोरू खोऱ्याची सीमा आखून दिली, व्यापारासाठी सरकारी कंपनी स्थापन केली आणि ती झुडपे उपटून टाकण्याचे हुकूम निघाले. जगातल्या अगदी आरंभीच्या सीमांकित वाइनप्रदेशांत याची गणना होते. पण पुढची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ जेम्स फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्याने १८४४ साली एक पुस्तिका काढून आरोप केला, की वाइनमध्ये वरून मद्यार्क घालणे हीच मोठी भेसळ आहे. शुद्ध पोर्ट नैसर्गिकपणे पूर्ण आंबलेली असली पाहिजे. या फॉरेस्टरने दोरूचे उत्तम नकाशे काढले, बॅरनपद मिळवले आणि १८६१ साली त्याच नदीत बुडून तो मरण पावला. वादात मात्र तो हरला. ज्याला तो भेसळ म्हणत होता, तीच आज पोर्टची व्याख्या आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला आपण ज्या वस्तूचे रक्षण करतो आहोत असे वाटते, ती वस्तू पुष्कळदा अजून घडतच असते. भाषाशुद्धीचे वाद शिकवताना आम्हाला हे उदाहरण उपयोगी पडेल.

आता त्या संध्याकाळविषयी. परीक्षेचा पहिला पाठ डोळ्यांचा. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला, की वाइनचा रंग मध्यापासून कडेपर्यंत कसा फिका होत जातो ते दिसते. कोवळी व्हिंटेज पोर्ट जांभळासारखी गर्द, आरपार न दिसणारी असते. वय वाढते तसा रंग लालीकडे सरकतो, मग कडेला विटकरी छटा उतरते. आमच्या पेल्यात मध्यभागी पिकल्या डाळिंबाचा रंग होता आणि कडेला विटकरीची नुकती चाहूल. इथपर्यंत अडचण आली नाही. रंगांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे.

दुसरा पाठ नाकाचा, आणि तिथे आम्ही अडलो. पहिल्या दहा मिनिटांत आमच्यात मिळून दोनच शब्द निघाले : 'छान' आणि 'उग्र'. मग कोणीतरी 'बेदाणा' म्हटले. त्यासरशी दुसऱ्याने दुरुस्ती केली : "बेदाणा नव्हे, काळी मनुका, तीही डब्यात वर्षभर राहिलेली." हा फरक सांगलीकराला सांगावा लागत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या पुष्कळ आधीपासून तासगाव-सांगलीच्या सौद्यांत व्यापारी रंग, आकार, गर आणि ओल पाहून, चिमटीत दाबून मालाची प्रत ठरवत आले आहेत. त्यांच्यापाशी पारखण्याची जी शिस्त आहे, तिच्या एका धाग्याला धरून आम्ही पुढे सरकलो. सुके अंजीर आले. लवंग आली. ज्येष्ठमध आला. आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "गुऱ्हाळात काकवी उतरवतात, त्या वेळचा." मग सगळे एकदम गप्प झाले, कारण ते बरोबर होते.

सहाव्या सहकाऱ्यांनी पेला हातात घेतला होता, पण ते पिणार नव्हते, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. ते मूळचे हरिपूरचे. त्यांनी पेला दोनदा नाकाशी नेला आणि म्हणाले, "पेव उघडल्यावर दुसऱ्या दिवशी असा वास येतो."

हरिपूर-सांगलीची पेवे ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेली ही कोठारे. तोंड लिंपून बंद केले, की आत हवा उरत नाही. कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते. २००५च्या महापुरात यांतली बरीच पेवे निकामी झाली. जुन्या पोर्टची बाटली म्हणजे तसेच एक लहानसे पेव. अंधार, स्थिरता, बुचातून झिरपेल न झिरपेल इतकीच हवा. उघडल्यावर पहिली काही मिनिटे तिचा वास कोंदट येतो, म्हणून थांबायचे असते. सहकाऱ्यांच्या त्या एका वाक्यात वस्तूचा वास होता आणि तिची रीतही होती. त्या संध्याकाळचे सर्वांत अचूक वर्णन न पिणाऱ्या माणसाने केले.

तिसरा पाठ जिभेचा. गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि मद्यार्काची ऊब यांचा तोल कसा आहे हे पाहायचे. कोवळ्या पोर्टमध्ये तुरटपणा दातांना धरतो. काळाने तुरट द्रव्ये रंगाच्या कणांशी जुळून जड होतात आणि साका होऊन तळाला बसतात. म्हणून वाइन मृदू होते आणि रंगही फिका होतो. साका हे दूषण नव्हे. काळाने केलेल्या कामाचा तो दृश्य पुरावा आहे. शेवटी घोट गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते आणि रेंगाळताना बदलते का, हे पाहायचे. या शेवटच्या गोष्टीला काय म्हणावे? 'मागची चव' असे कोणी सुचवले, ते कोणालाच पटले नाही. शब्द दोन दिवसांनी सापडला, आणि तो दोन हजार वर्षे आपल्याच घरात होता : अनुरस.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मुख्य रस आणि अनुरस असा भेद केला आहे. पदार्थ जिभेवर ठेवताच स्पष्ट जाणवतो तो रस. जो अस्फुट राहतो किंवा शेवटी उमटतो तो अनुरस. त्याच संहितेत नव्या आणि जुन्या मद्यातला फरक आहे : नवे मद्य प्रायः जड आणि दोष वाढवणारे, जुने हलके, रुची आणणारे. शार्ङ्गधरसंहिता तर काळाचे एक लहानसे कोष्टकच देते. चूर्णे, तेले, तुपे काही महिन्यांत किंवा वर्षात गुणहीन होतात. परंतु आसव, धातू आणि रस मात्र जुने होतील तसे गुणवान होतात. येथला 'रस' म्हणजे पाऱ्याचे औषधी कल्प, काव्यातला नव्हे. तरी मराठीच्या शिक्षकाने या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. द्राक्षांचे, मनुकांचे आसव आणि अरिष्ट आजही औषधाच्या दुकानात मिळते. त्यात वरून मद्यार्क घालत नाहीत. धायटीच्या फुलांच्या साह्याने ते आपोआप आंबते.

'आमच्या पूर्वजांना सारे माहीत होते' असा सूर लावण्यासाठी हे लिहीत नाही. वैद्यांची दृष्टी उपचाराची होती, आस्वादाची नव्हे. आस्वादाची दृष्टी दुसरीकडे, काव्यशास्त्रात विकसित झाली आणि तिनेही दृष्टान्त घेतला तो पेयाचाच. भरताने नाट्यशास्त्रात रसाची कल्पना समजावताना नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न चवीने खाणारा सुमनस् पुरुष समोर ठेवला. पुढे अभिनवगुप्त आणि मम्मट यांच्या परंपरेत 'पानकरसन्याय' आला. साखर, मिरी, आंबट फळ अशी द्रव्ये घालून केलेल्या पन्ह्याची चव त्यांतल्या कोणत्याही एका द्रव्याची नसते, ती निराळीच असते. तसा रस विभावादींहून निराळा असतो. आम्ही हा न्याय दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या संध्याकाळी मनुका, लवंग, काकवी, ज्येष्ठमध अशी यादी करून झाल्यावर कळले, की यादी बरोबर असूनही चव यादीत नाही. न्याय प्रथमच जिभेला कळला.

प्रश्न असा, की इतके शब्द असताना ते आमच्या तोंडी का आले नाहीत? उत्तर अर्वाचीन मराठीच्या इतिहासात आहे. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर १९१९ सालीच रंगभूमीवर आले. सनद रद्द झालेल्या सुधाकराच्या हाती तळीराम पहिला प्याला देतो आणि सिंधूचे घर उद्ध्वस्त होते. या नाटकात मद्याला परिणाम आहे, चव जवळपास नाही. आणि ते योग्यच आहे, कारण गडकऱ्यांना चवीविषयी काही सांगायचे नव्हते. दुसऱ्या बाजूला माधव जूलियन. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत असताना या फार्सीच्या पंडिताने उमर खय्यामच्या रुबाया मूळ फार्सीतून मराठीत आणल्या (१९२९) आणि फिट्झजेरल्डच्या इंग्रजीवरून 'द्राक्षकन्या' केली (१९३१). द्राक्षवेलीची कन्या ही फार्सी कल्पना मराठीत घरच्यासारखी नांदली. पण तिथेही मद्य हे क्षणभंगुरतेचे, मुक्तीचे, बंडाचे रूपक आहे. एका टोकाला पाप, दुसऱ्या टोकाला प्रतीक. मधली जागा, जिथे वस्तू वस्तू म्हणून जोखली जाते, ती रिकामी राहिली.

कायद्याने ती अधिकच रिकामी केली. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा म्हणून महाराष्ट्रात मद्यपानासाठी आजही परवाना लागतो, आणि प्रकृतीचे कारण हे अशा परवान्याचे जुने निमित्त आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेतही मद्य एकतर गुन्हा, नाहीतर औषध. मग २००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि नाशिककडच्या विंचूरप्रमाणे आमच्या जिल्ह्यात पलूसलाही वाइन उद्यान उभे राहिले. त्यातून तिसरी भाषा येईल असे वाटले होते. आली ती एकरी उत्पन्नाची भाषा. आमच्या भागातली द्राक्षे मुख्यतः खाण्याची आणि बेदाण्याची. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली 'तास-ए-गणेश' ही जात तर तासगावचे नाव मिरवते. वाइनची द्राक्षे निराळी, त्यांचे शास्त्र निराळे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू की नाही' एवढ्या एका प्रश्नावर महाराष्ट्र काही आठवडे भांडला. निर्णय अमलात आला नाही. तो यायला हवा होता की नको, हा आमचा विषय नाही. नोंदवायचे ते इतकेच, की त्या गदारोळात नीती आणि नफा या दोनच भाषा ऐकू आल्या.

हरिपूरच्या सहकाऱ्यांना त्या संध्याकाळी आम्ही हे सारे बोलून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, आमच्या घरात या वासाला एकच शब्द होता. तो शब्द वापरायला आईला पारख लागत नव्हती." त्यांचे वडील व्यसनात गेले, हे आम्हाला माहीत होते, पण बोलताना आम्ही ते विसरलो होतो. नैतिक भाषेला दरिद्री म्हणणे सोपे असते. ती ज्यांनी घडवली, त्यांनी ती फार मोठी किंमत देऊन घडवली. 'एकच प्याला'तला 'एकच' हा शब्द तसा कमावलेला आहे. तो काढून टाकून त्या जागी काकवी आणि ज्येष्ठमध बसवता येणार नाहीत. फार तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतील. आणि त्यांना ते जमले होते. वास ओळखण्याइतके ते त्याच्या जवळ गेले आणि पेला खाली ठेवला.

पारखीचा प्रश्न युरोपातही साहित्याच्याच अंगाने आला आहे. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला, तेव्हा 'डॉन किहोते'मधल्या सँचोच्या दोन नातलगांची गोष्ट आधाराला घेतली. पिंपातली वाइन चाखून एक म्हणाला, उत्तम, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली. युरोपीय साहित्यसमीक्षेचा तीन खंडांचा इतिहास लिहिणारे जॉर्ज सेंट्सबरी यांनी १९२० साली आपल्या मद्यतळघराच्या नोंदींचे पुस्तकही लिहिले, आणि त्यात पोर्टला मानाचे पान आहे. हा केवळ योगायोग मानता येत नाही. दोन्हीकडे काम एकच : काळाने एखाद्या वस्तूचे काय केले, हे नेमक्या शब्दांत सांगणे.

आम्हाला वाटते, मराठीच्या वर्गात आज हीच गोष्ट पणाला लागली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झाला, मिरवणुका निघाल्या. पण 'जुने ते सोने' ही म्हण पारखीला सुट्टी देते. जुन्या साहित्याबद्दल आमच्यापाशी दोनच शिक्के उरले आहेत : 'अभिजात' आणि 'कालबाह्य'. पोर्टचा जाणकार असे बोलत नाही. तो विचारतो : ही अजून चढते आहे, ऐन भरात आहे, की उतरणीला लागली आहे? रंग किती गेला, तुरटपणा किती निवळला, गोडी एकटी पडली का? व्हिंटेजची घोषणा तर वाइन कोवळी, कडवट असतानाच होते. म्हणजे तो एक भविष्याविषयीचा निवाडा असतो आणि पुढची पिढी तो तपासून पाहते. कधी कधी फिरवतेही. एके काळी थोर म्हणून घोषित झालेल्या किती कादंबऱ्या आज आम्ही पुन्हा उघडून पाहतो? आणि उघडल्या तर साका वेगळा करण्याइतका धीर धरतो का? नाटकातली शतकापूर्वीची अलंकारिक भाषा हा साका आहे की गाभा, हे 'एकच प्याला' शिकवताना दरवर्षी नव्याने ठरवावे लागते. निदान ठरवायला हवे.

आमचा निवाडा विचाराल तर, १९९४ची ती पोर्ट अजून चढणीवर होती. तुरटपणा पूर्ण निवळला नव्हता. गोडी आणि आंबटपणा यांचे चांगले जुळले होते. अनुरसात प्रथम मनुका, मग लवंग आणि अगदी शेवटी कोरड्या मातीसारखे काहीतरी राहिले. आणखी दहा-पंधरा वर्षे थांबायला हवे होते, असे पाचही जणांचे मत पडले. ते मत नवशिक्यांचे आहे.

बाटलीच्या तळाशी जांभळट काळा साका उरला होता. मलमलीच्या तुकड्यावरचा डाग धुऊनही गेला नाही. या सत्रात रसचर्चेचा तास घेताना वर्गात आधी काळी मनुका, पिवळा बेदाणा आणि काकवीची वाटी फिरवावी आणि मुलांना प्रत्येकी पाच ओळी लिहायला सांगावे, असे आम्ही ठरवले आहे. एक अट घातली आहे : 'छान' हा शब्द वापरायचा नाही.